शेपटीकडून वाचणारे अण्णा

उमरग्यात डॉक्टर पुष्कळ आहेत. डॉक्टरांनी काय लिहिलंय ते सांगणारे अण्णा मात्र एकच. सोलापूरहून तपासून आलेला पेशंट एसटीतून उतरला, की घरी जाण्याआधी त्याची फाईल टपरीवर बसलेल्या अण्णांच्या मांडीवर पडते.

"अण्णा, मला गॅस्ट्रायटिस हाय म्हन्ले. जगतो का न्हाई?"

अण्णा चष्मा कपाळावर चढवतात, अंगठ्यानं शब्दाचं तोंड झाकतात आणि आधी शेपटी वाचतात. "आयटिस. म्हणजे सूज." मग अंगठा सरकतो. "गॅस्ट्र, म्हणजे जठर. जठराला सूज आलीय. आरं, पोटात जळलालंय म्हणून तूच सांगत गेलतास की! डॉक्टरनं तुझंच बोलणं ग्रीकमध्ये लिहून दिलंय."

ऑपरेशनच्या शेपट्या तर त्यांना तोंडपाठ. 'ऑटमी' म्हणजे नुसती चीर, 'ऑस्टमी' म्हणजे भोक पाडून वाट काढणं आणि 'एक्टमी' म्हणजे काढूनच टाकणं. त्यामुळे 'एक्टमी' दिसली की ते नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात, "यंदा सोयाबीन घरात ठेवू नका, विकून टाका." कोलेसिस्टेक्टमीचे ते तीन तुकडे करतात: कोल म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, तिसरा तर ठरलेलाच. "पित्ताची पिशवी काढायची, बस. एवढंच सांगितलं असतं तर ही माउली रात्रभर रडली नसती."

निजामाच्या राज्यात हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात डॉक्टरकी उर्दूतून शिकवत, आणि 1948 पर्यंत उमरगा त्याच राज्यात होतं. "त्यांना उर्दूत शिकवता आलं, मग आपल्याला मराठीत सांगायला काय धाड भरलीय?" हा अण्णांचा ठरलेला सवाल. अपेंडिक्सच्या सुजेला पुस्तकी 'आंत्रपुच्छशोथ' मात्र त्यांनी एकदाच म्हणून पाहिला. पेशंटच्या बायकोला भोवळ आली.

शास्त्र कधीकधी हातातून निसटतंही. पोटॅशियम कमी झालं की अण्णा पोटाचा विकार सांगून मोकळे. मलेरिया म्हणजे त्यांच्या मते 'मल साचलेला एरिया'. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ वाईट हवा, आणि खरा गुन्हेगार डास, हे रोनाल्ड रॉस यांनी 1897 मध्ये सिकंदराबादेत शोधलं, असं कुणी सांगितलं तर अण्णा समोरच्या तुंबलेल्या गटारीकडे बोट दाखवतात. "मग डास कुठं ऱ्हातेत? माझं काय चुकलं?" यावर कुणाकडेच उत्तर नसतं.

'ग्लायसेमिया' दिसलं की मात्र त्यांची थट्टा बंद. ते म्हणजे रक्तातली साखर. पुढे 'हायपर' असेल तर वाढलेली, 'हायपो' असेल तर घसरलेली. डॉक्टरी अक्षरात दोन्ही जुळी भावंडं. अण्णा मोबाईलचा टॉर्च लावून दोनदा बघतात, फाईल मिटतात आणि म्हणतात, "हे माझं काम न्हाई. आत्ताच्या आत्ता डॉक्टरला विचार."

तेव्हा रिपोर्ट बघून घाम फुटला तर अण्णांकडे जरूर जा, चहाचे पैसे तुम्ही द्या. गोळ्या मात्र डॉक्टरांनी लिहिल्यात तेवढ्याच घ्या.