लॅम्डा

कला शाखेची मुलं राहतात अशा प्रत्येक होस्टेलवर एक लॅम्डा असतोच. घरून आणलेलं नाव दुसऱ्या सत्रापर्यंत टिकतं, मग हे चिकटतं आणि पदवीपर्यंत सुटत नाही. पुण्यात तर एफवायबीए इकॉनॉमिक्सच्या दर तुकडीमागे एक तरी निघतो. तो कधी लातूरचा असतो, कधी सावंतवाडीचा. आपला हा निफाड तालुक्यातला, कांदेवाल्यांच्या घरातला. हस्ताक्षर सुरेख, भाषण ठोकण्यात पटाईत, दहावीला गणितात काठावर पास. 'आमचा साहेब होणार' हे घरच्यांनी गावात आधीच सांगून टाकलेलं.

अकरावीला त्याने कला शाखा घेतली त्यामागे विचार होता. महाराष्ट्र बोर्डाच्या कला शाखेत अकरावी-बारावीला गणित ऐच्छिक असतं आणि ते न घेणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. दहावीचा भूमितीचा पेपर टाकून तो घरी आला आणि कंपासपेटी धाकट्या बहिणीला देऊन मोकळा झाला. इकॉनॉमिक्स घेतलं ते स्पर्धा परीक्षेला कामी येतं म्हणून. बारावीच्या पुस्तकाने त्याला दगा दिला नाही. तिथलं सूक्ष्म अर्थशास्त्र म्हणजे व्याख्या, गृहीतके, वैशिष्ट्ये, अपवाद. घटत्या सीमांत उपयोगितेला कंजूष माणूस आणि व्यसनी माणूस अपवाद आहेत, हे पाठ केलं की गुण मिळत. मागणीचा वक्र डावीकडून उजवीकडे खाली आला आणि अक्षांना नावं दिली की आकृतीचेही मिळत. तो वक्र बांगडीच्या कडेने काढला आहे की हाताने, याची चौकशी कोणी करत नसे.

कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात मॅडमनी फळ्यावर 'क्यू बरोबर शंभर उणे दोन पी' असं लिहिलं आणि म्हणाल्या, याचं डेरिव्हेटिव्ह काढा. त्याने खिशातून वेळापत्रक काढून खोली क्रमांक तपासला. खोली बरोबर होती.

गंमत म्हणजे त्या तासाला सगळ्यांत जास्त त्रास झाला तो त्याला नव्हे, सायन्स सोडून आलेल्या शेजारच्या मुलाला. मागणी किमतीवर अवलंबून असते, मग किंमत आडव्या अक्षावर हवी. ही उभी का? प्रश्न रास्त होता. कूर्नोने १८३८ साली मागणीचा वक्र मांडला तेव्हा किंमत आडव्याच अक्षावर होती. आल्फ्रेड मार्शलने ती उभी केली आणि त्याच्यामागून येणाऱ्या पाठ्यपुस्तकांनी ती तशीच ठेवली. सायन्सवाला आठवडाभर मान तिरकी करून आकृत्या बघत होता. आपल्या गड्याला कुठल्या अक्षावर काय असायला हवं हेच मुळात ठाऊक नसल्याने त्याचं काही बिघडलं नाही. गणितात आपण कोणाच्या तरी पुढे आहोत, हा अनुभव त्याला आयुष्यात प्रथमच येत होता.

पुढच्या आठवड्यात तो अनुभव गेला. दुसरं डेरिव्हेटिव्ह आलं.

अशा वेळी या जातीचा विद्यार्थी इतिहासाच्या आश्रयाला जातो. अभ्यास टाळायचा, पण टाळतो आहे असं दिसू द्यायचं नाही, याला लायब्ररीसारखी दुसरी जागा नाही. तिथे त्याला मार्शलचं एक पत्र सापडलं, १९०६ साली बोली या संख्याशास्त्रज्ञाला लिहिलेलं. गणित लघुलिपीसारखं वापरा, काम होईपर्यंत वापरा, मग साध्या भाषेत उतरवा, खऱ्या आयुष्यातली उदाहरणं द्या आणि गणित जाळून टाका, असा त्यात सल्ला आहे. पहिल्या चार पायऱ्या त्याने सोडून दिल्या. 'गणित जाळा – मार्शल' एवढं मोबाईलच्या स्टेटसवर चढलं आणि सीनियरांचे अंगठे आले. मार्शलच्या १८९० सालच्या ग्रंथात आकृत्या तळटीपांत आणि गणित शेवटी परिशिष्टात ढकललेलं आहे, हे कळल्यावर तर त्याला तो देवमाणूस वाटू लागला.

देवमाणसाचा पुढचा तपशील मॅडमनी पुरवला. रँग्लर म्हटलं की मराठी माणसाला परांजपे आठवतात: १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत संयुक्तपणे पहिले आलेले, पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झालेले. मार्शल त्याच परीक्षेत १८६५ साली दुसरा आला होता. "त्याच्याकडे जाळायला होतं," मॅडम म्हणाल्या. "तुझ्याकडे काय आहे?" स्टेटस दुपारीच उतरलं.

मग लिओन वालरा सापडला. हा फ्रेंच गृहस्थ पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निकच्या प्रवेश परीक्षेत दोनदा नापास झाला, कारण गणित कच्चं. नंतर त्याने कादंबरी लिहिली. इतकं जवळचं माणूस अर्थशास्त्रात दुसरं नाही असं लॅम्डाला वाटलं. पण चरित्र अर्ध्यावर सोडू नये. वालरा लोझानला प्राध्यापक झाला, तिथल्या पिकार नावाच्या मेकॅनिक्सच्या प्राध्यापकाकडून त्याने महत्तम मूल्य काढायची रीत समजावून घेतली, आणि १८७४ सालापासून छापून येऊ लागलेल्या त्याच्या ग्रंथात सगळी बाजारपेठ एकमेकांत अडकलेल्या समीकरणांनी बांधून टाकली. म्हणजे गणितात आपटलेल्या माणसानेच पुढच्या पिढ्यांच्या माथी गणित मारलं! ही फितुरी लॅम्डाच्या जिव्हारी लागली. डेक्कनवरून जाताना १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेकडे तो आशेने बघत असे. एका सीनियरने तेही राहू दिलं नाही. ज्यांच्या नावाने ती संस्था आहे त्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी शाळांसाठी अंकगणिताचं पुस्तक लिहिलं होतं आणि ते फर्ग्युसनमध्ये गणितही शिकवत.

चारही बाजूंनी कोंडी झाल्यावर तो अप्पा बळवंत चौकात गेला आणि चियांगचं 'फंडामेंटल मेथड्स ऑफ मॅथेमॅटिकल इकॉनॉमिक्स' जुन्या बाजारभावाने घेऊन आला. आधीच्या मालकाने पहिली चाळीस पानं पिवळ्या मार्करने रंगवली होती. पुढे पुस्तक कोरं करकरीत होतं.

इथून पुढे जे घडतं ते मात्र बघण्यासारखं असतं. चियांग हा माणूस दयाळू आहे, पायरी सोडत नाही. डिसेंबरच्या थंडीत रात्री दोन वाजता, मेसचा डबा तसाच ठेवून, आपल्या गड्याला लग्रांज गुणक समजला. खर्चाला पैसे मर्यादित आहेत, समाधान जास्तीत जास्त हवं, तर लॅम्डा नावाचा एक पाहुणा समीकरणात घ्यायचा, तीन डेरिव्हेटिव्ह काढून शून्याला जोडायची, आणि उत्तर आपोआप गळून पडतं. त्याने शेजारच्या कॉटवरच्या कॉमर्सवाल्याला हलवून उठवलं.

"वडापाव वीस रुपयांना, चहा दहाला. खिशात दोनशे. समाधान म्हणजे वडापाव गुणिले चहा. किती खायचे?"

"आत्ता?"

"पाच वडापाव आणि दहा चहा! अर्धे पैसे इकडे, अर्धे तिकडे. समाधान पन्नास. आणि लॅम्डा किती? शून्य पूर्णांक पाच. म्हणजे आई एक रुपया जास्त पाठवते तेव्हा माझं समाधान अर्ध्याने वाढतं."

"अर्ध्या कशाने?"

"युटिल."

"आणि चहा नाही मिळाला तर?"

"मग पाच गुणिले शून्य."

"म्हणजे पाच वडापाव खाऊन समाधान शून्य?"

"फंक्शनच तसं आहे."

कॉमर्सवाल्याने पांघरूण डोक्यावर ओढलं. सकाळी होस्टेलभर नाव झालं होतं.

खरं तर कॉमर्सवाल्याचा 'अर्ध्या कशाने?' हा प्रश्न चांगला होता. हिक्स आणि ॲलन यांनी १९३४ साली दाखवून दिलं की समाधानाला आकडा लावायची गरजच नाही. हे त्यापेक्षा बरं, एवढा क्रम सांगता आला की समवृत्ती वक्र काढता येतात आणि मागणीही. पन्नासच्या जागी पाचशे लिहिलं तरी वडापाव पाचच राहतात, लॅम्डा मात्र दहापट होतो. ज्या आकड्यापायी रूममेटची झोप मोडली, तोच असा कसाही बदलणारा. लॅम्डाने हे पुढच्या सत्रात वाचलं आणि कोणालाही सांगितलं नाही.

नव्याने गणिताला लागलेला माणूस जुन्या गणितवाल्यापेक्षा कडवा असतो. सायन्सवाला आता कंटाळून नाटकात काम करू लागला होता. लॅम्डा मात्र मेसमध्ये बसून सिद्ध करत होता की महिन्याचे पैसे आधी भरल्यामुळे पुढच्या पोळीची किंमत शून्य आहे, तेव्हा सीमांत उपयोगिता शून्य होईपर्यंत खात राहणं हेच विवेकी वर्तन. सिद्धता निर्दोष होती. मेसवाल्या काकूंनी ती ऐकली नव्हती, पण निष्कर्ष त्यांना वीस वर्षांपासून माहीत असावा, कारण दुसऱ्या वाढपाला रश्श्यात पाणी असे आणि रविवारच्या फीस्टला गुलाबजाम मोजून दोन. मैत्रिणीला त्याने 'इतर परिस्थिती कायम असताना तू मला आवडतेस' असं एकदा लिहिलं म्हणतात. ही दंतकथा असावी. निदान मैत्रीण होती हा भाग तरी.

त्याची खरी परीक्षा विद्यापीठाने घेतली नाही, वडिलांनी, म्हणजे आबांनी घेतली.

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत तो घरी गेला तेव्हा उन्हाळ कांदा किती एकर लावायचा याची चर्चा ओट्यावर चालली होती. लासलगावचा भाव या घरात देवाच्या नावाआधी घेतात. लॅम्डाला त्या सत्रात नेमकं कॉबवेब मॉडेल होतं: शेतकरी गेल्या हंगामाचा भाव बघून पेरतो, सगळ्यांनी पेरलं की भाव पडतो, पडलेल्या भावाने पुढच्या वेळी लागवड घटते, मग भाव चढतो, आकृती काढली तर कोळ्याचं जाळं दिसतं. कॅल्डॉरने १९३४ साली त्याला हे नाव दिलं. मागणीची रेषा आणि पुरवठ्याची रेषा यांच्या उतारावर सगळं ठरतं. ग्राहक किमतीला फारसा बधत नसेल आणि शेतकरी जोरात बधत असेल, तर हेलकावे कमी होण्याऐवजी वाढत जातात. कांद्याचं दुखणं तेच. भाव अर्धा झाला म्हणून कोणी भाजीत दुप्पट कांदा घालत नाही.

त्याने शेणाने सारवलेल्या ओट्यावर खडूने जाळं काढून दाखवलं. आबांनी शांतपणे पाहिलं.

"हे आम्हाला ठाऊक हाये. मग औंदा लावायचा का न्हाई?"

"गेल्या वर्षी भाव होता ना? मग यंदा सगळे लावतील, भाव पडेल. आपण कमी लावायचा."

"आन् सगळ्यांची पोरं पुण्याला शिकत्यात. त्येंनी बी हेच सांगितलं, तर?"

लॅम्डा थांबला. सगळ्यांनी कमी लावला तर भाव चढेल. मग आपण जास्त लावायला हवा. पण तेही सगळ्यांना कळलं तर? जॉन मूथ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली हाच आक्षेप घेतला होता: शेतकरी काही मागच्या भावाला डोळे मिटून चिकटून राहणारा नाही, मॉडेलवाल्याला जे दिसतं ते त्यालाही दिसतं. त्या लेखातून विवेकी अपेक्षांचा सगळा संप्रदाय उभा राहिला. तो अभ्यासक्रमात एमएला आहे. आबांनी सातवीत शाळा सोडली होती.

"तरी पण," लॅम्डा म्हणाला, "इतर परिस्थिती कायम धरली तर..."

इथे ओट्यावरची तिन्ही म्हातारी माणसं एकदम हसली. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, डिसेंबरात निर्यातच बंद केली, आणि ती मे २०२४ मध्ये उघडली. तोवर या चुलत्याचा चाळीतला माल सडला होता, त्या मामाचा मातीमोल गेला होता. समीकरणात या गोष्टीला जागा नव्हती असं नाही. पुरवठ्याची रेषा सरकवता येते, मागणीची सरकवता येते, चियांगमध्ये तशी आकृतीही आहे. कधी सरकवायची ते दिल्लीला विचारा, एवढं मात्र त्यात लिहिलेलं नाही.

आबांनी शेवटी निम्म्या रानात कांदा लावला, निम्म्यात हरभरा. लॅम्डाने उरलेल्या सुट्टीत हे कुठलं फंक्शन घेतलं तर महत्तम येईल याचा बराच शोध घेतला. दोन वस्तूंमध्ये निम्मं-निम्मं, हे तर त्याच्या वडापाव-चहाचंच उत्तर होतं. आबांनी लग्रांज वापरला, असं तो होस्टेलवर येऊन अभिमानाने सांगू लागला. कॉमर्सवाल्याचं म्हणणं पडलं की त्याला जोखीम वाटून घेणं म्हणतात आणि ते प्रत्येक बापाला येतं.

तिसऱ्या वर्षी पेपर बरा गेला. गणिती अर्थशास्त्रात वर्गात तिसरा आला. नाटकवाला सायन्सवाला नापास झाला. मॅडमनी एमएचा फॉर्म भरायला सांगितला. पण 'आमचा साहेब होणार' हे घरचं ओझं अजून खांद्यावर होतंच, यूपीएससीला ऐच्छिक विषय निवडायची वेळ आली. तेव्हा लॅम्डाने रात्रभर बसून रीतसर मांडणी केली: एका बाजूला उपलब्ध तास, दुसऱ्या बाजूला दर तासामागे वाढणारे गुण, बंधन म्हणून वयोमर्यादा. दोन पानं डेरिव्हेटिव्ह काढल्यावर उत्तर स्वच्छ आलं. अर्थशास्त्र घेऊ नये, मराठी साहित्य घ्यावं.

ते त्याने घेतलं. चियांग विकायला काढला. एफवायचा एक नवा मुलगा आला, गणित सोडून कला शाखेला आलेला, चेहरा पांढराफटक. त्याने किंमत कमी करायची गयावया केली. लॅम्डाने एक रुपयाही सोडला नाही. "जवळचा पर्याय नसला की मागणी अलवचिक असते," त्याने समजावून सांगितलं. "पान एकशे काहीतरीवर आहे बघ."