दिंडीला ट्रकची बॅटरी विकणाऱ्या दुकानदारास

शेठ,

कार्तिक पौर्णिमेला कपिलधारला, मन्मथस्वामींच्या समाधीला निघालेल्या आमच्या दिंडीला तुम्ही ‘सोलरची आहे, डोळे झाकून न्या’ म्हणत जी बॅटरी दिलीत, ती ट्रकला स्टार्टर मारायची निघाली. वरचं स्टिकर बदललं की आतल्या प्लेटा जाड होतात का हो?

दिंडीचा टेम्पो म्हणजे चालतं घर. मुक्कामी ‘परमरहस्य’ ग्रंथाच्या पारायणाला दिवे, भजनाला अॅम्प्लिफायर, सगळ्यांचे मोबाइल, आणि पहाटे मांजरसुंब्याकडे चालताना दिंडीच्या शेवटाला लाल दिवा. धुळे-सोलापूर महामार्गावर ट्रक कसे पळतात हे तुम्ही मला सांगाल, त्यांच्यावरच तुमचं दुकान चालतं. त्या रस्त्यावर तो दिवा विझला. मागं म्हाताऱ्या बाया चालत होत्या. राग त्याचा आहे, पैशाचं नंतर बोलू.

स्टार्टरच्या बॅटरीत प्लेटा पातळ आणि पुष्कळ असतात. काही सेकंद शेकडो अँपिअर ओतायचे आणि इंजिन सुरू झालं की अल्टरनेटरकडून परत भरून घ्यायचं, एवढंच तिचं काम. तिच्यावर रोज रात्री तासन्‌तास दिवे जाळले की प्लेटांवरचा माल झडतो आणि थोड्याच दिवसांत बॅटरी बसते. ट्यूब्युलर बॅटरीत पॉझिटिव्ह प्लेटचा माल नळ्यांत धरलेला असतो, म्हणून ती पुन्हा पुन्हा खोल उतरली तरी तग धरते. हे तुमच्या दुकानातल्या पोरालाही ठाऊक आहे. गिऱ्हाईक समोर आलं की तेवढं कसं विसरता?

आमचा लोड १२० वॅटचा. पाच तास चालला तर ६०० वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टला ५० अँपिअर-तास. लेड-अॅसिड बॅटरी टिकवायची तर निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे किमान १०० अँपिअर-तास हवी; इन्व्हर्टर खातो ते धरलं तर १५०ची ट्यूब्युलर. किती वॅट आणि किती तास, एवढे दोनच प्रश्न विचारायचे होते. तुम्ही फक्त ‘रोख की ऑनलाइन’ विचारलंत.

वर ती थेट टेम्पोच्या बॅटरीला जोडून दिलीत, मध्ये आयसोलेटर नाही. रात्री दिव्यांनी दोन्ही बॅटऱ्या उतरवल्या आणि सकाळी टेम्पो ढकलायला माणसं लावावी लागली. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, तरी ती बंद ताडपत्रीखाली बसवलीत, आणि त्याच ताडपत्रीखाली बायका झोपायच्या.

बॅटरी घेऊन येतोय. पैसे परत करा, नाहीतर १५०ची ट्यूब्युलर द्या आणि बिलावर अँपिअर-तासांपुढं सी-१० की सी-२० तेही लिहा. दहा तासांचा आकडा आणि वीस तासांचा आकडा एक नसतो. आणि दुकानात तसल्याच स्टिकरच्या आणखी बॅटऱ्या आहेत, त्या पुढच्या कार्तिकीच्या आधी काढा. त्या वाटेनं आमची एकच दिंडी जात नाही.