बसची सरकती काच : दुरुस्ती, सुधारणा आणि सीमाप्रश्न

जुलैत बेळगावहून निपाणीला बसने निघालेल्या माणसाला दोनच प्रश्न पडतात : काच बंद का होत नाही, आणि झालीच तर पुन्हा उघडत का नाही? रस्ता ७०-७५ किलोमीटरचा आणि पाऊस काकतीपासूनच गाठतो. गाडी कर्नाटकाची की महाराष्ट्राची, या वादात वेळ घालवू नये. पाणी दोन्हींत सारख्याच निष्ठेने आत येतं.

आधी रोग ओळखा. एका चौकटीत दोन काचा, शेजारशेजारच्या दोन खोबणींतून पुढेमागे सरकणाऱ्या. खोबणीच्या तळाला पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. हायवेची धूळ, शेंगांची फोलपटं आणि मळताना उडालेली तंबाखू यांनी ती बुजतात. मग खोबणीत तळं साचतं आणि वळण आलं की थेट तुमच्या मांडीवर रितं होतं. प्रवासी शिव्या काचेला घालतो. गुन्हेगार भोक असतं.

म्हणून पहिलं हत्यार सेफ्टी पिन. शेजारच्या मावशींकडे असतेच. भोकं मोकळी करा. खोबणीतला वाळलेला चिखल चुन्याच्या डबीच्या झाकणाने खरवडा. निपाणीच्या गाडीत अशी डबी शोधावी लागत नाही. मग मेणबत्तीचा तुकडा खोबणीत घासा. इथे एखादे पावणं खोबरेल सुचवतील. त्यांना नमस्कार करा, तेल घेऊ नका. तेलाला धूळ चिकटते आणि आठवड्यात काच होती त्याहून घट्ट बसते. काच खडखडत असेल तर वर्तमानपत्राची घडी करून फटीत खोचा. अग्रलेखाचं पान जाड लागतं, असा माझा समज आहे. तपासून पाहायला हरकत नाही.

इथवर दुरुस्ती झाली. सुधारणा अवघड, कारण काच सामाईक आहे. तुम्ही वाऱ्यासाठी ती मागे ढकलली की मागच्या माणसाचा वारा बंद. तो ती पुढे ढकलतो, तुम्ही पुन्हा मागे. हा भाग १९५६ पासून अशा व्यवहाराला सरावलेला आहे. महाजन आयोगाने १९६७ साली अहवाल दिला. तो कर्नाटकाने मानला, महाराष्ट्राने नाकारला, आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. काचेचा दावा तवंदी घाटातच निकालात निघतो. निपाणीकडच्या उतारावर ड्रायव्हरने ब्रेक दाबला की दोन्ही काचा आपणहून पुढे धावतात : पुढच्याला दोन-दोन काचा, मागच्याला एकही नाही. मागचा भिजतो, पुढचा ‘जैसे थे’ ठेवा म्हणतो. कंडक्टर दोघांनाही ‘काच लावा की वो!’ एवढंच सांगून पुढे सरकतो. काच कुणी लावायची, हे त्याच्या अधिकारकक्षेत येत नाही.

यावर जाणकारांचा उपाय असा : उतार लागण्याआधी जुन्या तिकिटाची चौपदरी घडी काचेच्या पुढच्या कडेशी खोबणीत ठोकून बसवा. चालू तिकीट वापरू नका, पुढे तपासनीस चढू शकतो. घडी कुठे ठोकायची हे मात्र मागच्या सीटवरच्या माणसाला विचारून ठरवा, आणि घाट सुरू व्हायच्या आत ठरवा.