वेफर्स उपवासाला चालतात का?

ऐकलंत का? जरा हळू बोलते. जुन्या भोपाळात असल्या गोष्टींसाठी पटिये असतात, घरापुढच्या दगडी फळ्या. लोक रात्री उशिरापर्यंत त्यावर बसून अख्ख्या शहराची उलटतपासणी घेतात. आमच्या अरेरा कॉलनीत पटिये नाहीत, म्हणून आम्ही भाजीच्या ठेल्यापाशी भागवतो.

तर शेजारच्या काकूंचा नातू पुण्याहून सुट्टीवर आलाय. शिकलेला, कमावता, पत्रिका जमेल असा. स्थळ सांगून आलं, तर म्हणतो कसा, यंदा लग्नाचा खर्च जमणार नाही, एक रेकॉर्ड विकत घ्यायची आहे. एक रेकॉर्ड! काकूंना वाटलं लताबाईंची असेल, गेला बाजार भीमसेनची. विचारलं तर म्हणाला, 'सिमला बीट'. काकू म्हणाल्या, अरे, सिमल्याचं कशाला, आपल्या न्यू मार्केटात वीस रुपये पाव मिळतं, कोशिंबिरीला छान.

ते बीट नव्हे. आता जवळ या, कारण पुढचं आणखी वाईट आहे. सिमला ही सिगारेट होती! इंपीरियल टोबॅको कंपनीची. हीच कंपनी १९७० मध्ये नाव बदलून इंडिया टोबॅको झाली. सिगारेट खपावी म्हणून त्यांनी 'सिमला बीट' नावाने देशभरातल्या गिटार बडवणाऱ्या पोरांची स्पर्धा घेतली. आधी ठिकठिकाणी फेऱ्या, मग मुंबईत अंतिम, तीही षण्मुखानंद सभागृहात. जिथे मंडळी गजरे माळून रागदारी ऐकायला जातात, तिथे! १९७० आणि १९७१ च्या स्पर्धकांच्या रेकॉर्डी निघाल्या, त्या वाजल्या, घासल्या, रद्दीत गेल्या. आणि पुढे तीस-चाळीस वर्षांनी जर्मनीतल्या कुणी त्या पुन्हा काढल्यापासून परदेशातले शौकीन मूळ प्रतीसाठी जीव टाकतायत. आपण रद्दीवाल्याला किलोने दिलं, ते हे लोक सोन्यासारखं तोळ्याने घेतायत.

नातवाने मागच्या बाजूची यादी वाचून दाखवली, तेव्हा काकूंचा हात कपाळाला गेला. एका बँडचं नाव 'ब्रूड ऑफ व्हायपर्स', म्हणजे सापाच्या पिल्लांचा घोळका. कुठल्या आईला चारचौघात सांगता येईल, माझा मुलगा सापाच्या पिल्लांत ड्रम वाजवतो? दुसरा 'हिप्नॉटिक आय'. तिसरा 'जेन्युइन स्पेअर्स'. हमीदिया रोडवर स्कूटरच्या सुट्या भागांच्या दुकानाला शोभेल. एक होता 'द कन्फ्युजन्स', ते निदान खरं बोलले. शिलाँगचे 'फेंटोन्स'. अहमदाबादचं 'पर्पल फ्लॉवर', जांभळं फूल. आणि 'वेफर्स'. इथे काकूंचा चेहरा जरा उजळला. म्हणाल्या, हे बरे असतील बिचारे, उपवासाला चालतील.

मी म्हटलं, या साथीचं मूळ तरी कळू द्या. मूळ लिव्हरपूल. तिथे साठच्या दशकाच्या सुरुवातीला म्हणे गल्लीगल्लीत बँड, आपल्याकडे गणपती मंडळं असतात तसे, शेकड्यांनी. आणि मंडळांसारखीच फाटाफूट. बिल हॅरी नावाच्या गृहस्थाने १९६१ मध्ये 'मर्सी बीट' नावाचं अख्खं वर्तमानपत्र काढलं या पोरांच्या उचापतींवर. त्यातले बीटल्स तेवढे जगाला ठाऊक. बाकीच्यांना कुत्रं विचारत नाही. रोरी स्टॉर्म अँड द हरिकेन्स हे नाव तुम्ही ऐकलंय? नाही ना! एके काळी तिकडे त्यांचा थाट मोठा होता. त्यांचा ड्रमवाला पळवला बीटल्सनी ऑगस्ट १९६२ मध्ये. रिंगो स्टार तो. ज्याला काढून त्याला घेतलं, त्या पीट बेस्टचा जन्म कुठला, माहीत आहे? मद्रासचा! १९४१ चा. त्याआधी सगळ्या इंग्लंडला वेड लावणारा तो क्लिफ रिचर्ड, तोही १९४० मध्ये लखनौत जन्मलेला. म्हणजे पाळण्यात पाय दिसले ते इथल्या पाळण्यात.

इथूनच मला संशय यायला लागला. हे प्रकरण दिसतं तेवढं परकं नाही.

आता भोपाळचंच घ्या. आमचे सासरे १९५६ मध्ये नागपूरच्या सचिवालयातून फायलींसकट इथे आले, राजधानी हलली म्हणून. तेव्हा इथे धड भाडोत्री खोल्या नव्हत्या. त्याच वर्षी पिपलानीच्या बाजूला हेवी इलेक्ट्रिकल्सचा पाया पडत होता, आणि तंत्रज्ञान कुणाचं, तर इंग्लंडच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजचं. त्या कंपनीचा मोठा कारखाना मँचेस्टरला, लिव्हरपूलपासून पन्नासेक किलोमीटरवर. गोरे साहेब कारखाना उभारायला इथे येऊन राहिले. १९६० मध्ये नेहरूंनी उद्घाटन केलं, साहेब आणखी काही वर्षं राहिले. तिकडे तेव्हा मँचेस्टरला 'हॉलीज' नावाचा बँड वाजत होता. आता साहेबांच्या ट्रंकेत फक्त नटबोल्ट होते, असं मी तरी शपथेवर म्हणणार नाही. पुरावा नाही हं! नुसता संशय. पण पटियावर पुरावा कोण मागतो?

आणि दुसरा आरोपी तर थेट आपल्यातला. डॉक्टर बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. नावात मराठीपणाची कसर नाही. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार केली. तरुणांनी शास्त्रीय संगीत ऐकावं, संस्कार व्हावेत! पोरांनी काय केलं? काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. तिथे अमीन सयानींची बिनाका गीतमाला होतीच, आणि तिच्या आगेमागे इंग्रजी गाण्यांचा धूर. एकदा कान त्या स्टेशनला चिकटला की पुढचं काय सांगायचं! १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून सरकारने चूक सुधारली, पण तोवर दूध नासलं होतं. मुलाला भजनाच्या वर्गात कोंडलं की तो मागच्या खिडकीने कुठे जातो, हे केसकरांना घरच्या बायकांनी विचारलं असतं तरी कळलं असतं.

मग सिनेमावाले मागे कसे राहतील? १९६५ च्या 'गुमनाम'मध्ये टेड लायन्स अँड हिज कब्ज नावाचा खराखुरा बँड पडद्यावर उभा, पुढे मुखवटे चढवलेले नर्तक, आणि लक्ष्मी छाया अशी नाचते की बघणाऱ्याची मान दुखावी. आवाज रफीचा, संगीत शंकर-जयकिशनचं. अमेरिकेत २००१ मध्ये 'घोस्ट वर्ल्ड' नावाचा सिनेमा निघाला, त्याची सुरुवातच याच नाचाने. दिग्दर्शक कोण 'गुमनाम'चा? राजा नवाथे. बघा, पुन्हा आपलाच माणूस!

नातू मध्येच म्हणाला, मावशी, बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन सतार शिकला ती रविशंकरांकडे. मी म्हटलं, आणि रविशंकर कुणाकडे शिकले? मैहरच्या बाबा अलाउद्दीन खाँकडे. मैहर कुठे आहे? आपल्या मध्य प्रदेशात. त्या बाबांनी तर स्वतःच बँड काढला होता, साथीत पोरक्या झालेल्या मुलांना घेऊन, आणि बंदुकीच्या नळ्या कापून त्यांचं नलतरंग केलं. सापाच्या पिल्लांनी असं काही केलं असतं तर पोलीस आले असते; बाबांना पद्मविभूषण मिळालं. आणि १९६८ मध्ये बीटल्स हृषीकेशला ज्यांच्या आश्रमात जाऊन बसले, ते महर्षी महेश योगी? त्यांचं जबलपूरशी जुनं नातं. फिरून फिरून गाडी आपल्याच फाटकापाशी.

मुख्य बातमी मात्र मी राखून ठेवली होती.

आत्माराम भेंडे आठवतात? बबन प्रभूंबरोबर फार्स करून सगळ्या महाराष्ट्राला खुर्चीवरून पाडणारे. पत्नी आशाताई, लोकसंख्याशास्त्राच्या विदुषी, शिवाय रंगभूमीवर. असं सुसंस्कृत घर. त्या घरातला मुलगा नंदू काय करत होता? 'व्हेल्वेट फॉग' नावाच्या बँडमध्ये गात होता. मखमली धुकं! पैठणीच्या दुकानात साडीला द्यावं असं नाव, पण सिमला बीटच्या १९७१ च्या रेकॉर्डवर हा बँड आहे. त्यानंतर 'सॅव्हेजेस', म्हणजे सरळ रानटीच. मग ॲलेक पदमसींच्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'मध्ये त्याला भूमिका कोणती मिळावी? ज्यूडास. धन्याला तीस नाण्यांना विकणारा. आणि १९७८ मध्ये जब्बार पटेलांनी पुलंचा 'तीन पैशाचा तमाशा' केला, तर तिथेही हा हजर, रॉक घेऊन. आमच्या घरी तेव्हा पुलंच्या कॅसेटी देवघराशेजारी असायच्या. पुलंनीच दार उघडून दिल्यावर आम्ही कडी कुणाच्या तोंडावर लावायची?

काकूंनी हे सगळं ऐकून पदर खोचला आणि निकाल दिला. म्हणाल्या, असल्या धांगडधिंग्याचा एक सूर माझ्या उंबऱ्याच्या आत येता कामा नये. नातू बिचारा हेडफोन लावून गच्चीवर गेला.

मी काही बोलले नाही. पण तुम्हाला सांगते. दर जन्माष्टमीला आमच्या कॉलनीत लहान मुलांचा कार्यक्रम असतो आणि त्यात कृष्णाला पृथ्वीवर बोलावणारं ते गाणं हमखास लागतं, १९८२ च्या 'डिस्को डान्सर'मधलं. काकू पहिल्या रांगेत असतात. दरवर्षी. टाळ्यांचा ठेका त्याच धरतात, दुसऱ्या कडव्याला डोळे पुसतात, आणि गेल्या वर्षी तर संयोजकांना सांगून पुन्हा एकदा लावायला लावलं होतं. किती भक्तिभावाने गायलाय हो, असं मला म्हणाल्यासुद्धा.

गायलंय नंदू भेंडेने. तोच तो रानटी.

काकूंना अजून सांगितलेलं नाही. भिशी गुरुवारी आहे, त्यांच्याच घरी.