एकतीस वर्षांचं कंत्राट

आमच्या त्र्यंबकात मेलेल्यांची सोय उत्तम आहे. नारायण नागबळी म्हणा, त्रिपिंडी म्हणा; देशभरातून माणसं आपापल्या पितरांच्या तक्रारी घेऊन येतात आणि कुशावर्तात डुबकी मारून हलकी होऊन परततात. ‘आणि जिवंतांचं काय?’ असं विचारणारे गावात एक अण्णा होते. विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता थापी हातात घ्यायचे. यात्रेकरूंसाठी संडास, म्हाताऱ्यांना टेकायला कट्टा, वाड्यावरच्या शाळेला पत्रे. बोलणं कमी, सिमेंट जास्त.

अण्णा स्वतःला गवंडी म्हणवून घेत. मुलाने घरावर ‘बिल्डर अँड डेव्हलपर’ अशी पाटी लावली, तेव्हा दोन दिवस ते मागच्या दाराने ये-जा करत होते. तिसऱ्या दिवशी पाटी खाली आली आणि गोठ्याचं दार झाली. पत्रा जाड होता, वाया का घालवायचा?

तरुणपणी मल्लखांब केलेलं शरीर. सत्तरीतही पाठ अशी सरळ, की शेजारी उभं राहिलं की आपणच ओळंब्यात नाही असं वाटावं. पहाटे गंगाद्वाराच्या पायऱ्या चढायचे. रोज मोजायचे, आणि चढतानाचा आकडा उतरतानाच्या आकड्याशी एकदाही जुळला नाही. “उतरताना माणूस गप्पा मारतो,” एवढाच त्यांचा खुलासा. मेजरटेप खिशात असे, पण तो किल्ल्यांचा जुडगा अडकवायला. मापं सगळी वितीची, हाताची, पावलांची. साठीपर्यंत सिमेंटचं पन्नास किलोचं पोतं सहज खांद्यावर घेत. त्यावर काकूंचा एक कायमचा शेरा होता : “पोत्याला खांदा देतात. लग्नात मला टांग्यात चढायला हातसुद्धा दिला नव्हता.” अण्णा लाजायचे. पोतं मात्र खाली ठेवायचे नाहीत.

हरसूलकडच्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्यपदक मिळवलं, त्या आठवड्यात दिसेल त्या पोराला ते “चल, पळ!” म्हणत. त्यात एक पोस्टमनही होता. तोही पळाला म्हणतात.

त्यांचं खरं दैवत मात्र नानासाहेब पेशवे. देऊळ बांधलं म्हणून भक्ती असेल असं वाटेल, पण तो जिव्हाळा धंद्यातल्या माणसाला धंद्यातल्या माणसाबद्दल असतो तसा. “कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं रे त्या माणसाने. उतार काढणं म्हणजे खायचं काम नाही.” आणि त्र्यंबकेश्वराचं देऊळ? आख्यायिका अशी, की ज्योतिर्लिंगाभोवतीचा दगड आतून पोकळ आहे की नाही यावर नानासाहेबांनी पैज लावली आणि हरले म्हणून हे देऊळ बांधलं. खरं-खोटं त्र्यंबकराजाला ठाऊक. अण्णांना मात्र ही गोष्ट फार प्रिय. आमच्या लाइनीत पैज हरणारा पार्टी बदलतो, असं ते म्हणायचे; हा पठ्ठ्या काळ्या दगडाचं देऊळ देऊन मोकळा झाला.

एखादं गिऱ्हाईक ‘ताबा कधी?’ म्हणून फारच मागे लागलं, की अण्णा त्याला देवळासमोर नेऊन उभं करत. “काम सुरू १७५५, पूर्ण १७८६. एकतीस वर्षं! खर्च सोळा लाख, त्या काळचे. आणि तुम्ही मला दिवाळीचं विचारता?” गिऱ्हाईक कळसाकडे बघत राही. तेवढ्यात अण्णा पुढच्या साइटवर.

पण एकदा, पावसाने काम बंद होतं आणि दोघं पडवीत पागोळ्या बघत बसलो होतो, तेव्हा ते वेगळंच बोलले. “नानासाहेब गेले १७६१ला. पानिपतावर पोरगा गेला, पाठोपाठ हा पर्वतीवर. म्हणजे देवळाची जोती-बिती पाहिली असतील, कळस नाही. पुरं झालं तेव्हा गादीवर नातू, सवाई माधवराव. बारा वर्षांचं पोर.” मग बराच वेळ पाऊसच बोलला. मला वाटलं, आता काही गंभीर येणार. अण्णा म्हणाले, “त्या नातवाने आजोबांच्या नावाने गिलाव्याची तक्रार केली नसेल ना?”

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला माणसांचा पूर येतो. लहान फेरी साधारण वीस किलोमीटर, सगळा चिखल. याच डोंगरात भावंडांबरोबर फिरताना निवृत्तिनाथ वाट चुकले आणि गुहेत त्यांना गहिनीनाथ भेटले, असं परंपरा सांगते. “सगळ्यांनाच नाही भेटत गहिनीनाथ,” म्हणत अण्णा फेरीच्या आधल्या आठवड्यात पहार आणि दोन गडी घेऊन निघत आणि घसरड्या जागी दगड बसवत. वरच्या पावसाने निम्मे वाहून जात. पुढच्या वर्षी पुन्हा. एका मंडळाने त्यांच्या नावाची फरशी लावायचं ठरवलं, तर म्हणाले, “फरशी द्या, नाव ठेवा तुमच्याकडे. ओढ्याजवळ एक कमी पडतेय.”

आणि एवढ्या माणसाचं स्वतःचं घर? दिव्याखाली अंधार. गच्चीवर वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया तीस वर्षं तशाच उभ्या. गंजू नयेत म्हणून प्रत्येकीवर पाण्याची रिकामी बाटली उलटी घातलेली. कधी लेकीचं लग्न, कधी मुलाचं शिक्षण, कधी कोणाच्या तरी शाळेचे पत्रे. वरचा मजला आपला आभाळातच. काकूंनी सळयांना दोऱ्या बांधल्या आणि पापड-कुरडयांचं वाळवण सुरू केलं. नातू त्याच सळयांना लोंबकळून पहिली उडी शिकला. ती आजोबांनीच शिकवली, वाळवण बाजूला सरकवून.

अण्णा गेले ते ऐन ज्येष्ठात, पाऊस तोंडावर असताना. दिवस झाले, पाहुणे पांगले. मुलगा म्हणाला, आता या सळया कापून टाकू, घर नीट दिसेल. काकू काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा नातू गच्चीवर होता. बाराचा झालाय आता. काकू खालून रिकाम्या बाटल्या वर देत होत्या आणि तो जुन्या, तडकलेल्या काढून एकेका सळईवर नव्या घालत होता.

“घट्ट बसव रे,” काकू म्हणाल्या. “पाऊस येतोय.”