मुतखडा कोनाचा, हप्ता कोनाचा

वऱ्हाडात माणूस दवाखान्यात भरती झाला, की पाहायला येणारा दोनच प्रश्न विचारतो. ‘काय झालं बाप्पा?’ आणि ‘कोन्या डॉक्टरले दाखवलं?’ आमच्या मिलमध्ये अलीकडे तिसरा निघाला आहे: ‘क्लेम टाकला का बे?’ उत्तर ‘हाव’ आलं, की भेटायला आलेल्याचं तोंड पेशंटपेक्षा जास्त उतरतं.

मिल म्हणजे अकोल्याच्या एमआयडीसीतली डाळमिल. मी तिथं हिशेबाला बसतो आणि अमरावतीहून अपडाऊन करतो. पगारपत्रक माझ्याच हातानं निघतं, त्यामुळे कुणाच्या पगारातून काय कापलं गेलं, हे त्याच्या बायकोच्या आधी मला ठाऊक असतं.

पूर्वी ही कापाकापी फार नव्हती. एकवीस हजारांपर्यंत पगार असला, की माणूस सरकारी कामगार विम्यात, म्हणजे ईएसआयमध्ये. २०१९ च्या जुलैपासून त्यात कामगाराचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के जातात. म्हणजे वीस हजार आठशे पगारावर कामगाराचे १५६ रुपये, मालकाचे ६७६. तेवढ्यात तो, बायको, लेकरं आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आईबाप, सगळ्यांचं दुखणंखुपणं बसतं. दवाखान्यात रांग असते, गोळ्या कधी असतात, कधी ‘सोमवारी या’ असतं. पण सुट्टी मिळायच्या दिवशी कुणी बिल घेऊन आडवं येत नाही. १९४८ च्या ईएसआय कायद्याच्या कलम ४० मध्ये तर साफ लिहिलं होतं, की मालकानं आपला हिस्सा कामगाराच्या पगारातून कापायचा नाही. हे कलम मी मालकांना एकदा वाचून दाखवलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चहा मागवला.

खरी गोम एकवीस हजारांच्या रेघेत आहे. ही रेघ २०१७ च्या १ जानेवारीला आखली गेली. नंतर डाळीचे भाव हलले, डिझेलचे हलले, मिलसमोरच्या टपरीवरचा समोसासुद्धा हलला. रेघ जागची हलली नाही.

२०२५ च्या एप्रिलमध्ये मालकांनी आमच्या फोरमनभाऊंना पाचशे रुपयांची वाढ दिली. २०,८०० चे २१,३०० झाले. भाऊंनी पेढे वाटले. मीही एक खाल्ला, मग पगारपत्रक उघडलं आणि पेढा घशात अडकला. भाऊ रेघेच्या पलीकडे गेले होते. मालकांनी पाचशे दिले आणि त्यांचे ६७६ वाचले. पगारवाढ देऊन महिन्याकाठी १७६ रुपयांनी फायद्यात राहणारा माणूस मी जवळून पाहिला तो हाच. वर त्यांनी हा हिशेब मुद्दाम केला नव्हता, याची मला खात्री आहे. असली गणितं श्रीमंतांना करावी लागत नाहीत, ती आपोआप सुटतात.

रेघेपलीकडे स्टाफची ग्रुप पॉलिसी आहे. ती पहिल्यांदा घेतली तेव्हा पूर्ण हप्ता मालकांचा होता. आईबाप त्यात होते, जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले होते. मालकांनी मिलच्या आवारात मंडप टाकून कार्डं वाटली होती. दुसऱ्या वर्षी हप्ता वाढला आणि मंडप टाकला नाही. तिसऱ्या वर्षी नोटीस लागली: आईवडिलांना ठेवायचं असेल तर त्यांचा हप्ता ज्याचा त्यानं भरावा. मग निम्मा हप्ता कुटुंबाचाही. फोरमनभाऊ आत शिरले ते या वळणावर. ईएसआयचे १५६ वाचले, पाचशे वाढले, एकूण ६५६ आले आणि हप्त्यापोटी अकराशे गेले. वाढ मिळाल्यापासून भाऊ महिन्याला ४४४ रुपयांनी गरीब आहेत.

हप्ता का वाढतो, ते एजंटसाहेबांनी आम्हाला समजावून सांगितलं. ग्रुप पॉलिसीचं दरवर्षी नव्यानं ठरतं आणि गेल्या वर्षी तुम्ही लोकांनी किती क्लेम उचलले ते पाहून पुढचा भाव निघतो. म्हणजे विमा आजारासाठी काढायचा आणि आजारी पडलं की विमा महागायचा. हे ऐकल्यापासून मिलमधलं वातावरणच बदललं. इथला बराचसा स्टाफ पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातला. तिथलं भूगर्भातलं पाणी इतकं खारं, की मुतखडा म्हणजे घरोघरी ओळखीचा पाहुणा. आधी एखाद्याचा खडा निघाला, की तो कागदाच्या पुडीत बांधून आणायचा आणि आम्ही तो कौतुकानं खिडकीच्या उजेडात धरून पाहायचो. आता पॅकिंगमधला पोऱ्या कंबर धरून वाकला, तरी चार डोळे त्याच्यावर रोखले जातात.

‘पानी जास्त पेत जा न बे! तुह्या खड्यापायी आमचा हप्ता वाढते!’

गोडाऊनकीपरचं अपेंडिक्स काढलं, तर मार्चमध्ये नूतनीकरणाच्या वेळी लोक त्याला टोमणे मारत होते, जसं काही त्यानं ते हौसेनं काढून घेतलं. बिचाऱ्यानं बायकोच्या पित्ताशयाचं ऑपरेशन एप्रिलवर ढकललं. म्हणे, नव्या वर्षाच्या खात्यात जाऊ द्या.

माझी पाळी वडिलांच्या हर्नियाच्या वेळी आली. अमरावतीतला एक खासगी दवाखाना, वडिलांचा हप्ता मी स्वतः भरलेला, त्यामुळे छाती फुगवून काउंटरवर कार्ड ठेवलं. कागदपत्रं गेली. तिकडून एक प्रश्न आला: रुग्णाला हा त्रास केव्हापासून आहे? नर्सबाईंनी तो वडिलांना विचारला. मी खुणा करत होतो, पण चष्मा बाबांच्या उशाखाली होता.

‘कवापासून म्हंजे? कापसाचे बोंद्रे उचलत होतो न मी, तवापासून. वीस-बावीस वर्स झाले असतीन.’

विमा कंपनीला वीस-बावीस वर्षं फार आवडली. जुन्या आजारांची सवलत नेमकी त्याच वर्षी काढून टाकली होती, हप्ता आटोक्यात राहावा म्हणून. संध्याकाळपर्यंत पत्रांची ये-जा चालली. २०२४ च्या मे महिन्यात विमा नियामकानं नियम केला आहे, की कॅशलेसची परवानगी एका तासात द्यायची आणि घरी सोडतानाची मंजुरी तीन तासांत. आमच्या अमरावती-अकोला रस्त्याचं उदाहरण या लोकांसमोर असायला हवं. २०२२ च्या जूनमध्ये लोणी ते माना या पट्ट्यात एका लेनचा ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनीज बुकात नाव लागलं. त्याच रस्त्यानं मी रोज जातो. एवढा रस्ता पाच दिवसांच्या आत होतो, पण ‘हर्निया’ या तीन अक्षरांवर निर्णय व्हायला दुसरा दिवस उजाडला, आणि निर्णय होता नाही. बाबांना वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ‘काऊन रे, खरं सांगतलं त कमी भेटते का?’

२०२५ च्या २२ सप्टेंबरपासून आरोग्य विम्यावरचा जीएसटी माफ झाल्याची बातमी आली. मिलमध्ये पुन्हा पेढ्यांची भाषा सुरू झाली. पण माफी स्वतंत्रपणे काढलेल्या वैयक्तिक पॉलिसीला. ग्रुपला अठरा टक्के कायम. म्हणजे ज्याला परवडतं म्हणून एकट्यानं काढतो त्याला सूट, आणि ज्याला परवडत नाही म्हणून घोळक्यात शिरतो त्याच्या हप्त्याला कर. न्यू जर्सीतल्या भाच्याला फोनवर हे रडगाणं ऐकवलं, तर तो हसला. केएफएफ या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत तिकडे कंपनीमार्फत काढलेल्या कौटुंबिक विम्याचा वर्षाचा सरासरी हप्ता २५,५७२ डॉलर निघाला, त्यातले ६,२९६ डॉलर कामगाराच्या पगारातून. ‘मामा, इकडं बी मालकच हाये,’ एवढंच तो म्हणाला.

बाबांचं ऑपरेशन शेवटी खिशातून केलं. शेजारच्या काकांना मात्र हृदयात दोन स्टेंट बसले आणि एक रुपया लागला नाही. राशनकार्ड. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ च्या जुलैमध्ये राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात अमरावती होतं. पुढे तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, आता सगळ्या कार्डधारकांना पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. मी काकांना माझं प्लॅस्टिकचं, फोटोवालं, चकचकीत कार्ड दाखवलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, ‘याच्यावर तांदूळ भेटते का?’

दिवाळीच्या तोंडावर फोरमनभाऊंनी माझ्या टेबलावर एक अर्ज आणून ठेवला. अक्षर त्यांच्या मुलीचं, सुवाच्य. विषय: मंजूर पगारवाढ पाचशे रुपयांऐवजी दोनशे रुपये करून मिळणेबाबत. खाली कारण: तीनशे रुपये जास्त झाल्यामुळे अर्जदाराचे आरोग्य धोक्यात आले आहे, तरी मेहेरबान साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार करावा.

हिशेब चोख होता. २१,००० बरोबर रेघेवर, रेघेच्या आत. मी अर्ज घेऊन मालकांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला, कपाटातून तेच जुनं कायद्याचं पुस्तक काढलं, आणि ज्यांनी कलम ४० वर चहा मागवला होता त्यांनी या वेळी स्वतः बोट ठेवून कलम ७२ वाचून दाखवलं: ईएसआयच्या वर्गणीपायी मालकानं कामगाराचा पगार कमी करायचा नाही.

‘कायदा हाये न भाऊ. आपल्याले मोडता येत नाई.’

भाऊ दारातच उभे होते. म्हणाले, ‘मंग साहेब, तुमी नका मोडू. फक्त मले चार दिवस सुट्टी द्या. खडा उतरून रायला.’

मालकांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की क्लेम टाकणार का.