सही कोणाची, पत्ता कुठला?

माझे सासरे जन्मभर ग्रामपंचायतींची आणि नगरपालिकांची दप्तरं तपासत आले. निवृत्त झाल्यावर तपासायला दप्तर उरलं नाही, तेव्हा त्यांनी आधी दूधवाल्याचं कार्ड तपासलं, मग सोसायटीचा ताळेबंद. आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिल्यावर ते घरातल्या कॉम्प्युटरकडे वळले. तक्रार रास्त होती. बटण दाबल्यापासून पहिलं अक्षर उमटेपर्यंत त्यांचा चहा पिऊन व्हायचा, कप विसळून व्हायचा आणि सासूबाईंशी एक छोटा वादही उरकायचा. एवढा वेळ हे यंत्र आत करतं तरी काय, असा त्यांचा सवाल होता.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो, हे त्यांना कोणीतरी शिकवलं. तो कोण, हे मी अजून शोधतो आहे. त्याच संध्याकाळी फोन आला.

"जावईबापू, आपल्या मशीनमध्ये एसव्हीसीहोस्ट नावाचा कोणी आहे."

"असतो, अप्पा."

"एक नाही, त्रेसष्ट आहेत. एकाच नावाचे! रोजगार हमीच्या हजेरीपटावर मला हे दिसलं असतं ना, तर ग्रामसेवक दुसऱ्या दिवशी घरी बसला असता."

त्रेसष्टही खरे होते. वायफाय जोडणं, घड्याळ मिळवणं, आवाज काढणं, अपडेट आणणं ही विंडोजची कामं ज्या फायलींमध्ये असतात, त्यांना स्वतःच्या पायावर चालता येत नाही. त्यांना चालवणारा एक यजमान लागतो, तो हा. विंडोज २००० पासून तो नोकरीत आहे. पूर्वी एकेक यजमान पाच-दहा सेवा सांभाळायचा आणि त्यातली एक कोसळली की बाकीच्यांनाही बरोबर घेऊन जायची. २०१७ साली विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने ठरवलं, की मशीनमध्ये साडेतीन जीबीहून जास्त मेमरी असेल तर बहुतेक सेवांना स्वतंत्र यजमान द्यायचा. अप्पांच्या मशीनची मेमरी दिवाळीत दोनाची आठ जीबी झाली होती.

"म्हणजे मेमरी वाढली म्हणून माणसं वाढली?"

"तसंच."

"नगरपालिकेत हेच व्हायचं. अनुदान वाढलं, की..." पुढचं वाक्य छापता येत नाही. संबंधित नगराध्यक्ष हयात आहेत.

या विषयातली खरी गंमत नावांची आहे. विंडोजच्या प्रामाणिक नोकरांची नावं ऐकून कोणालाही पोलिसांत जावंसं वाटेल: सीएसआरएसएस, डीडब्ल्यूएम, सीटीएफमॉन. बदमाशांची नावं मात्र सात्त्विक. ऑगस्ट २००३ मध्ये जगभर हैदोस घालणाऱ्या ब्लास्टर नावाच्या किड्याने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कॉम्प्युटर सुरू होताच कोणाकोणाला उठवायचं त्या यादीत, आपली नोंद 'विंडोज ऑटो अपडेट' अशी केली होती. इतकं जबाबदार नाव वाचून कोण शंका घेईल? आणि हाच किडा साठ सेकंदांची उलटी मोजणी दाखवून मशीन बंद पाडायचा. दुसरी युक्ती तोतयेगिरीची. एसव्हीसीहोस्टमधल्या दोन अक्षरांची अदलाबदल करून एससीव्हीहोस्ट व्हायचं. किंवा पासवर्ड तपासणारा जो एलसॅस, त्याच्या सुरुवातीच्या लहान एलच्या जागी मोठा आय लावायचा. पडद्यावर दोन्ही अक्षरं म्हणजे नुसती उभी काठी. चष्म्याचा नंबर कितीही ताजा असला तरी फरक कळत नाही.

"मग नावावर जायचंच नाही," अप्पा म्हणाले. "पत्ता विचारायचा."

मला हे इतक्या थोडक्यात सांगता आलं नसतं. टास्क मॅनेजरमधल्या नावावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' म्हटलं, की त्याचं घर उघडतं. खरा एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या पोटात सिस्टीम थर्टीटू या फोल्डरमध्ये राहतो. त्याच नावाचा इसम टेंप नावाच्या फोल्डरमध्ये किंवा डाउनलोड्समध्ये सापडला, तर पुढची चौकशी करायला हरकत नाही.

पण नियम हातात आला की लेखापरीक्षकाच्या अंगात येतं. पुढच्याच दुपारी अप्पांना एक्सप्लोरर सापडला. राहायला थेट विंडोजच्या फोल्डरमध्ये, सिस्टीम थर्टीटूबाहेर! म्हणजे तोतयाच. अप्पांनी तिथल्या तिथे 'एंड टास्क' केलं. खालची पट्टी गेली, सगळी चित्रं गेली, नातवाच्या मुंजीचा फोटो तेवढा मागे राहिला. कारण एक्सप्लोररचं घर तिथेच आहे, आणि डेस्कटॉप म्हणून आपण जे पाहतो ते तोच मांडतो. मशीन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर सगळं जागेवर आलं. अप्पांनी याला 'आक्षेप निकाली' म्हटलं.

मी हसलो नाही, कारण अप्पांपेक्षा मोठे घोटाळे जगाने केले आहेत. २००१ साली ईमेलवर एक सूचना फिरत होती: तुमच्या कॉम्प्युटरमध्ये सल्फएनबीके नावाची फाइल दडलेली आहे, तो विषाणू आहे, काढून टाका आणि ओळखीच्या सगळ्यांना कळवा. लोकांनी शोधलं, सापडली, काढली, कळवलं. ती विंडोजचीच फाइल होती. लांब नावं जपणारी. पुढच्या वर्षी तशीच सूचना दुसऱ्या एका फाइलबद्दल आली. तिचं चिन्ह टेडी बेअरचं होतं, आणि सिस्टीमच्या फायलींमध्ये अस्वल बसलंय म्हटल्यावर कोणाला धीर धरवणार? तीही विंडोजचीच. या दोन्ही वेळेला विषाणू नव्हताच. त्याने जे करायचं ते लोकांनी स्वतः केलं, तेही फुकट. हल्ली ही परंपरा कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुखरूप चालू आहे.

आपल्याकडे खरा विषाणू यायचा तो पेनड्राइव्हमधून. झेरॉक्सच्या दुकानात बायोडेटा छापायला दिला, की परत येताना पेनड्राइव्हवर 'न्यू फोल्डर' नावाचं एक पिवळं फोल्डर जास्तीचं यायचं. दिसायला फोल्डर, पण होता प्रोग्राम. विंडोजला फायलींची आडनावं लपवून ठेवायची मुळातली सवय, त्यामुळे शेवटचं 'ईएक्सई' दिसायचंच नाही. उत्सुकतेने दोनदा टिचकी मारली, की हे महाशय स्वतःला स्टार्टअपमध्ये नोंदवून मोकळे. काही जण तर टिचकीचीही वाट पाहत नसत. ऑटोरन नावाची एक छोटी चिठ्ठी पेनड्राइव्हवर ठेवली, की तो आत घालताच कारभार सुरू. विंडोज ७ ने ही सोय बंद ठेवली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपी आणि व्हिस्तावरही ती अपडेटने बंद केली. तोवर महाराष्ट्रातल्या निम्म्या बायोडेटांनी हा रोग गावोगाव पोचवला होता, असं माझं मत आहे. पुरावा मागू नये.

अप्पांच्या मशीनवर मात्र इतका रंगतदार कोणी निघाला नाही. जे निघाले ते जास्त चीड आणणारे होते. टास्क मॅनेजरमधला स्टार्टअपचा कप्पा उघडला, तर एक प्रिंटर केव्हाच भंगारात गेलेला, पण त्याचा प्रोग्राम रोज सकाळी उठून शाई किती उरली ते पाहत होता. एक पीडीएफ वाचणारा, त्याचा अपडेट आणणारा वेगळा. लॅपटॉपबरोबर फुकट आलेला एक अँटिव्हायरस, मुदत संपलेला, तरी ती संपल्याचं रोज सांगायला हजर. नातवाच्या खेळाचा एक लाँचर. मीटिंगची दोन ॲपं. अप्पा कधीच मीटिंगला जात नाहीत. सगळ्यांचे पत्ते खरे, सगळ्यांवर कंपन्यांच्या डिजिटल सह्या.

"कागद बरोबर, काम शून्य," अप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात चाळीस वर्षांची ओळख होती.

कॉम्प्युटर हळू का सुरू होतो, याचं उत्तर बहुधा या सभ्य मंडळींमध्येच असतं. चोराला उलट आपण दिसू नये असं वाटत असतं. ही मंडळी मात्र 'मला नंतर लागला तर उशीर नको' या सबबीवर सगळ्यांच्या आधी येऊन बसतात. टास्क मॅनेजर त्यांच्यापुढे 'स्टार्टअप इम्पॅक्ट' म्हणून हाय, मीडियम, लो असा शेराही देतो. अप्पांना शेऱ्यांचा रकाना पाहून भरून आलं.

मग मी त्यांना ऑटोरन्स दिलं. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल या जोडीने बनवलेलं हे फुकट साधन. २००६ साली मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनीच विकत घेतली. टास्क मॅनेजर दिवाणखाना दाखवतो, ऑटोरन्स माळा, पोटमाळा आणि गच्चीवरची टाकीसुद्धा. सेवा, ड्रायव्हर, वेळापत्रकात लपवलेली कामं, सगळं. सही नसलेल्या ओळी गुलाबी दिसतात. आणि ज्यांची नोंद आहे पण फाइलच जागेवर नाही, त्या पिवळ्या.

"योजना बंद, लेखाशीर्ष चालू," अप्पांनी पिवळ्या ओळींवर निकाल दिला आणि रात्री उशिरापर्यंत जागले. सासूबाईंनी मला फोन करून जे सांगितलं ते इथे देत नाही.

सहीवर आणि कंपनीच्या नावावर तरी पूर्ण भरवसा ठेवावा का? याच रुसिनोविचना २००५ च्या ऑक्टोबरमध्ये स्वतःच्या मशीनवर काही दडवलेल्या फायली सापडल्या. माग काढला तर त्या आल्या होत्या सोनी बीएमजीच्या, पैसे मोजून विकत घेतलेल्या गाण्यांच्या सीडीतून. कॉपी होऊ नये म्हणून कंपनीने ग्राहकाच्या कॉम्प्युटरमध्ये चोरासारखा दडणारा प्रोग्राम घातला होता. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेटवर तैवानच्या दोन नामांकित कंपन्यांच्या चोरलेल्या सह्या होत्या. आणि २०१७ साली सीसीक्लीनर, म्हणजे ज्याला लोक कॉम्प्युटर साफ करायला बोलावत, त्याच्या एका अधिकृत, सही असलेल्या आवृत्तीतून जवळपास तेवीस लाख मशीनमध्ये घाण शिरली.

उलट टोक अप्पांच्याच घरात होतं. गुलाबी ओळीतला एक प्रोग्राम, सही नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. आत डोकावलं तर कीबोर्डवरची प्रत्येक कळ तो पाहत होता. व्हायरसटोटल या संकेतस्थळावर फाइल टाकली, तर सत्तरेक तपासनिसांपैकी दोघांनी बोट वर केलं. (तिथे टाकलेली फाइल इतरांनाही पाहता येते, म्हणून प्रोग्रामच टाकावेत, पॅनकार्ड टाकू नये.) कळा टिपतो, सही नाही, दोघांचा आक्षेप, मी काढून टाकायच्या बेतात होतो.

"हात लावू नका," अप्पा म्हणाले. "त्याच्यावरच मी पेपरला पत्रं लिहितो."

तो मराठी टाइप करायचा जुना प्रोग्राम होता. के आणि ए दाबलं की क उमटवायचा, तर आधी के आणि ए पाहावेच लागणार. पासवर्ड चोरणाराही हेच करतो, फक्त क उमटवत नाही; दाबलेलं सगळं दुसरीकडे पाठवून देतो. आणि एकट्यादुकट्याने फुकट बनवलेल्या प्रोग्रामला सहीसाठी दरवर्षी पैसे कोण भरणार? सत्तरांपैकी दोघांचा विरोध अप्पांनी 'ठराव बहुमताने मंजूर' म्हणून नोंदवला.

त्यांनी आता एक वही घातली आहे. नाव, पत्ता, सही, आणि चौथा रकाना 'आणणारा'. हा चौथा रकाना मला कुठल्याही अँटिव्हायरसमध्ये दिसलेला नाही. टायपिंगच्या प्रोग्रामपुढे त्यात 'धाकटा पुतण्या, पेनड्राइव्हवरून' असं लिहिलं आहे; प्रिंटरवाल्यापुढे 'कंपनी, परस्पर'. ज्यांच्यापुढे हा रकाना कोरा राहतो, त्यांची पुढची चौकशी होते. स्टार्टअपमधल्या दहातले आठ बंद झाले. चहा आता अर्धाच होतो.

तुम्हीही आज रात्री स्टार्टअपचा तो कप्पा उघडून बघा. ज्याचं काम कळत नाही त्याला फक्त 'डिसेबल' करा, डिलीट मुळीच नको. डिसेबल केलेला उद्या परत बोलावता येतो. पत्ता बघा, सही बघा, आणि हा आपल्या घरात कोणी आणला ते आठवा. एवढं करूनही काही उलगडलं नाही, तर मला फोन करू नका. अप्पांना करा, सकाळी अकरानंतर, पेपर वाचून झाल्यावर.